आईच्या वाडग्यातलं सार

आमच्या घरात भांड्यांच्या दोन फळ्या आहेत. एक पूर्वेच्या कोपऱ्यात, देवाच्या तसबिरींखाली. तिच्यावर आईचा लाकडी वाडगा, लाकडी चमचा, मातीची दोन मडकी आणि एक बिडाचं भांडं. दुसरी फळी दाराजवळ, बुटांच्या वर. तिच्यावरची भांडी बाहेरच्यांची. पिझ्मा नदीनं एवढ्या वर वर्षाकाठी चार-सहा माणसं येतात: रेनडिअरचा डॉक्टर, तेल शोधणारे, एखादा वाट चुकलेला शिकारी. आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, पण आपल्या भांड्यातही जेवू घालायचं नाही, म्हणून ही सोय. तिथं निळ्या कडेचा एक पत्र्याचा वाडगा आहे, ठिकठिकाणी मुलामा उडालेला. तेलाच्या उसिन्स्क शहरातलं सगळं आवरून मी कायमची घरी परतले, त्या संध्याकाळी आईनं मला त्याच वाडग्यात वाढलं.

"बस. दमली असशील," ती म्हणाली, आणि वाडगा फळकुटावर ठेवून माझ्याकडे सरकवला. हातात दिला नाही.

मी तिच्या पोटची पोर. पण आमच्यातली जुन्या ख्रिस्ती धर्माची माणसं सोवळं पाळतात ते असं कडक. बाहेरच्यांत बसून खाल्लं, बाहेरच्याशी लग्न केलं, की त्या माणसाचं भांडं वेगळं. मी दोन्ही केलं होतं. तेलाच्या विहिरीवर काम करणाऱ्या एका तातार माणसाशी माझं लग्न कचेरीत झालं आणि काही वर्षांनी कचेरीतच मोडलं. पोटापाण्यासाठी मी तिथल्या कँटीनमध्ये दोनशे माणसांचा स्वयंपाक करायची. तशी माझी फार तक्रार नव्हती. पण वडील गेल्यावर आई जंगलातल्या या ओंडक्यांच्या घरात एकटीच राहिली. गावात यायला ती तयार नव्हती. "गावात विजेचा दिवा लागतो, त्याच्या उजेडात देवाचं तोंड दिसत नाही," असं तिचं म्हणणं. मग मीच आले. तिला बघायला आले होते, आणि तिनं मला पाहुण्यांच्या फळीवर ठेवलं.

माझा धाकटा भाऊ साव्वा गावात राहतो, नदीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. त्याचंही भांडं दाराजवळच्याच फळीवर. त्याला त्याचं काही नाही. "ताई, वाडग्याला चव नसते गं, आतल्या मालाला असते," म्हणायचा आणि चाटूनपुसून खायचा. पुरुषांचं ठीक असतं. पन्नाशी-साठीला गुडघे दुखायला लागले की तेही प्रायश्चित्त घेतात आणि सोवळ्यात येतात. तोवर सगळं माफ.

तर एका घरात आमचे दोन संसार. भिंतीएवढी मोठी चूल आईची, तिच्या माथ्यावर झोपायचा ऊबदार ओटा. माझी लोखंडी शेगडी पडवीत, सरपणाशेजारी. पाण्याच्या बादल्या दोन. आईच्या बादलीवर सदा झाकण, कारण उघड्या पाण्यात सैतान आंघोळ करतो. जाळ्यातून मासा निघाला की त्याचे दोन भाग व्हायचे, अर्धा तिचा, अर्धा माझा. कच्च्याला विटाळ नाही. एकदा शिजला की मात्र माझा मासा माझा आणि तिचा तिचा.

"आई, एकच मासा आहे हा. सकाळी एकाच नदीत पोहत होता," मी एकदा म्हटलं.

"तूही एकेकाळी माझ्या एकाच पोटात होतीस," ती म्हणाली. "म्हणून काय झालं?"

तिला बोलण्यात हरवणं कुणाला जमलं नाही. माझ्या वडिलांना तर नाहीच.

दुसऱ्या वर्षी तिचे हात कापायला लागले. चुलीतून बिडाचं भांडं ओढायचा लांब चिमटा तिला पेलेना. एकदा जवाची लापशी सगळी निखाऱ्यांवर सांडली. मी धावले, तर "भांड्याला हात लावू नको," एवढंच म्हणाली. स्वतःचा हात भाजलाय हे तिला नंतर कळलं. त्यानंतर गावातून लुकेरिया मावशी यायला लागली. ही आईची बालमैत्रीण, सोवळ्यातली. आठवड्यातून एकदा साव्वा तिला होडीतून आणायचा, थंडीत बर्फावरच्या गाडीवरून. ती एका दिवसात आठवड्याचं करून ठेवायची: भाकऱ्या, लापशी, पिठाच्या पारीत भाजलेला मासा.

आता हे मला सांगितलंच पाहिजे. लुकेरिया मावशीला स्वयंपाक येत नाही. भाकरी खालून करपलेली, आतून ओली. लापशीत गुठळ्या. माशाचं पोट नीट साफ न केल्यानं सगळा मासा कडू. मी पडवीत उभी राहून दारातून बघायची आणि माझे हात शिवशिवायचे.

"मावशी, आच फार आहे. दरवाजा थोडा उघडा ठेवा चुलीचा."

"कँटीनवालीनं शिकवायचं राहिलं होतं," मावशी मागं न बघता म्हणायची. "मारेम्याना, तुझी लेक म्हणते मला चूल पेटवता येत नाही."

"तिला दोनशे जणांची सवय आहे," आई म्हणायची. "आपण दोघीच. देव तिसरा."

आणि ते करपलेलं, ओलं, कडू आई हळूहळू चावून खायची. वर म्हणायची, छान झालंय. त्याच वेळी पडवीत माझ्या शेगडीवर माशाचं सार उकळत असायचं, कांदा आणि तमालपत्र घातलेलं. तमालपत्राची सवय मला कँटीननं लावली. वास घरभर जायचा. आई एकदाही तिकडं वळून बघायची नाही. मला राग यायचा, इतका की मी सार पातेल्यासकट बर्फात ओतून द्यावं असं वाटायचं. ओतलं कधीच नाही, अन्न टाकायचं नसतं हेही तिनंच शिकवलेलं.

शेवटी मी हार मानली. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी पायरीवर बसून मासे साफ करत होतो. डास पिसाळलेले, दोघींच्या तोंडाभोवती फडकी. म्हटलं, "आई, मी प्रायश्चित्त घेते. उपास, नमस्कार, जे काय असेल ते सगळं करते. गावातल्या वडीलधाऱ्यांना सांग. सोवळ्यात चहा चालत नाही, तर चहाही सोडते. मग तुझ्या चुलीवर मी शिजवीन."

तिनं हातातल्या माशाचे खवले काढून संपवले. मग म्हणाली, "कुणासाठी घेतेस?"

"तुझ्यासाठी. आणखी कुणासाठी?"

"मग देवाला मधे कशाला घालतेस?"

"अगं, तुला धड खायला मिळावं म्हणून..."

"तेच सांगतेय. तुला चूल हवी, देव नको. खोट्यानं घेतलेलं प्रायश्चित्त माझ्या ताटात येणार, आणि मी ते गिळायचं. त्यापेक्षा लुकेरियाची करपलेली भाकरी बरी."

म्हणजे ती करपलेली आहे हे तिला कळत होतं. मला हसूही आलं आणि रडूही. खोटं बोलून "देवासाठी" म्हटलं असतं तर तिला पकडता आलं नसतं, कदाचित तिलाही तेच हवं होतं. पण मला ते सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तिच्या तोंडावर मला बोलता आलं नसतं. मी फडकं सोडलं आणि आत जाऊन माझा चहा केला, चांगला कडक, साखर घालून.

शरदात आमच्याकडे एक काळ येतो. नदी धड वाहत नाही, धड गोठत नाही. होडी चालवावी तर बर्फाचे पापुद्रे तिला फाडतात. बर्फावरून यावं तर माणूस आत जातो. त्या काळात गाव आणि आम्ही एकमेकांना मेलेले. दरवर्षी होतं हे, कुणी त्याचं कौतुक करत नाही. लुकेरिया मावशीनं जाताना भाकऱ्या सुकवून पोतंभर टोस्ट करून ठेवले. आई ते पाण्यात भिजवून खायची, सोबत मुळा, सुकवलेल्या गुलाबी फुलांचा काढा. आणि त्यातच ती आजारी पडली.

आधी खोकला. मग ताप. ती चुलीवरच्या झोपायच्या जागेवरून उतरेना. स्वतःच्या हातानं टोस्ट भिजवणं होईना. मी म्हटलं, मी भिजवते. नको. मी म्हटलं, झाकलेल्या बादलीतून तुझ्याच मगानं पाणी देते. ते तेवढं तिनं घेतलं, डोळे मिटून. त्यावर ती जगत होती. तिच्या गालांची हाडं वर आली. जपमाळ बोटांतून घसरायची, मी उचलून द्यायची, ती घ्यायची. मी नदीवर जाऊन बर्फावर काठी आपटून बघायची. काठी सरळ आत जायची. नदीला शिव्या देऊन परत यायची.

मला भीती वाटत होती. एवढी माणसं खाऊ घातलेली मी, आणि माझी आई माझ्या समोर उपाशी मरणार, शेगडीपासून चार पावलांवर.

त्या दुपारी मी सार करत होते. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. दोन ताजे पांढरे मासे, मूठभर जव, कांदा, तमालपत्र. चुलीवरून आवाज आला.

"कापका."

हे माझं लहानपणचं नाव. माझं लग्न झाल्यापासून तिनं ते तोंडातून काढलं नव्हतं. तेव्हापासून मी कपितोलिना.

"कापका, काय शिजतंय गं?"

"माशाचं सार."

"दे की थोडं."

मी वर चढून तिच्याकडे बघितलं. डोळे चमकत होते, पण माझ्याकडेच बघत होते, माझ्या पलीकडे कुणाकडे नाही. "आई, मी केलंय ते. माझ्या शेगडीवर."

"मग काय कोल्ह्यानं केलंय? दे."

मी उतरले. दाराजवळच्या फळीकडं हात गेला आणि थांबला. निळ्या कडेचा वाडगा बघितला असता तर ती शुद्धीवर आली असती, असं मला वाटलं. ती शुद्धीवर यायला मला नको होती, हे सरळच सांगते. मी पूर्वेच्या कोपऱ्यातला तिचा लाकडी वाडगा घेतला, तिचा चमचा घेतला आणि तिला भरवलं. सगळा वाडगा संपला. हनुवटीवर ओघळलेलं तिनं बोटानं पुसून चाटलं.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली.

माझ्या स्वयंपाकाबद्दल आयुष्यात तिच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य. उसिन्स्कच्या कँटीनच्या भिंतीवर माझा फोटो लावला होता, कामगारांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पण मी रडले ती त्या दुपारी, पडवीत, भांडी घासताना.

मग रोज दिलं. ती मागायची, मी द्यायची. कधी नुसतं वरचं पाणी, कधी जव कुस्करून. ताप उतरायला लागला. चेहऱ्यावर रंग आला. एकदा तर म्हणाली, "आज पातळ केलंस," आणि मी आनंदानं वेडी व्हायची राहिले. मला वाटलं, झालं. एवढ्या वर्षांनी संपलं एकदाचं.

एका सकाळी उठले तर ती खाली उतरली होती. शाल गुंडाळून, भिंतीला धरून उभी. डोळे निवळ, ताप नाही. हातात तिचा वाडगा. त्याच्या आत, कडेला, तमालपत्राचा एक तुकडा वाळून चिकटला होता. ती नखानं तो खरवडत होती.

"हे काय आहे?"

तिच्या स्वयंपाकात तमालपत्र कधीच नसतं, तिला त्याचं नावही माहीत नव्हतं. पण कशाचा वास आहे ते तिला कळलंच असणार.

"सार," मी म्हटलं. "तू मागितलंस. रोज मागितलंस आई. माझं नाव घेऊन मागितलंस."

"मागितलं असेल."

"अगं तू मरत होतीस."

"मरत असेन." तिनं वाडगा पालथा करून बघितला, जणू मागच्या बाजूला आणखी काही सापडेल. "मी मागितलं असेल. तू द्यायचं नव्हतंस."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, माझ्याकडे बरंच साठलेलं होतं. ती दाराकडे चालत गेली, भिंत धरत धरत, आणि वाडगा बुटांवरच्या फळीवर ठेवून आली. तिच्या लग्नात तिच्या बापानं कोरून दिलेला वाडगा. चमचाही त्याच्या शेजारी ठेवला. मग तसबिरींपुढं उभी राहून नमस्कार घालायला लागली. खाली वाकली की वर यायला तिला फार वेळ लागत होता. मी हात द्यायला गेले तर तिनं हात मागं घेतला.

नदी गोठून घट्ट धरेपर्यंत ती त्या उरलेल्या टोस्टवर राहिली. भिजवण्याइतकी ताकद तिच्या हातात आली होती, माझ्या सारानं आलेली. माझ्याशी ती बोलायची, पण सरपण, पाणी, दाराची कडी एवढंच. मी कापका राहिले नाही.

साव्वा आला तसं तिनं गाठोडं बांधलं. तसबिरी, जपमाळ, पांघरूण. साव्वाला म्हणाली, "मला लुकेरियाकडे ने. वडीलधारे म्हणतील ते प्रायश्चित्त घ्यायचंय."

"या वयात?" साव्वा म्हणाला. "आई, तू वाळलेल्या माशासारखी झालीयस. उपासानं मरशील."

"मेले तर सोवळ्यात मरेन."

साव्वानं मला बाजूला घेतलं. "ताई, तुला एवढं शहाणपण नाही का? गपचूप खाऊ घालायचं आणि वाडगा नीट घासायचा. दोनशे जणांची भांडी घासलीस ना?"

मी त्याला शिव्या दिल्या. पण रात्री त्याचं म्हणणं डोक्यातून जाईना. वाडगा नीट घासला असता तर ती आज चुलीवर झोपली असती. नाहीतर मी पुढच्या शरदात, त्याच्या पुढच्या शरदात, असंच चोरून तिला भरवत राहिले असते आणि तिनं कधी मीठ बरोबर आहे म्हटलंही नसतं. कुठलं बरं, ते मला अजून ठरवता येत नाही.

ती मेली नाही. गावातल्या बायका म्हणतात, देवानं शक्ती दिली. सगळे उपास, सगळे नमस्कार पार पाडले, ऐंशीच्या बाईनं. मी म्हणते, शक्ती माझ्या सारानं दिली आणि तीच तिनं ते सार धुऊन काढायला वापरली. असं मी म्हणते पण ऐकायला इथं कोणी नाही. मी आता मोठ्या चुलीवर शिजवते. एकटीपुरतं शिजवायचा अंदाज मला अजून येत नाही, रोज उरतं.

नाताळच्या सणानंतर मी स्कीवरून गावात गेले. पाठीवर गोठलेल्या माशांची पिशवी, कच्चे मासे, म्हणजे ते तिला चालतील. लुकेरिया मावशीनं दार उघडलं.

"कँटीनवाली आली," तिनं आत सांगितलं, आणि या वेळी आवाजात टोमणा नव्हता. माझ्या हातातून पिशवी घेतली. "बस बाई. पाय गारठले असतील."

मी दाराजवळच्या बाकावर बसले. आई आतल्या खोलीतून बाहेर आली. तिचे गाल भरले होते. मावशीच्या कच्च्या भाकऱ्यांवर तिचे गाल भरले, याचा मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्यात राग मिसळलेला होता. ती माझ्या शेजारी बसली. बऱ्याच दिवसांनी एवढ्या जवळ.

"घरात उंदीर झालेत का?" तिनं विचारलं.

"नाही."

"जाळं फाटलंय का?"

"शिवलं."

"मी साव्वाला एक सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "तुलाही सांगते, मागून कळलं म्हणून वाईट वाटायला नको. मी अंथरुणाला पडले की तुला कळवायचं नाही. गेल्यावर कळवेल. पुरायला ये."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "म्हणजे मरताना मी जवळ नको तुला?"

"नको."

"मी एवढी विटाळाची झाले?"

"तसं नाही गं." तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला तुझं सार आवडलं. ताप होता, पण मला सगळं आठवतंय. मी पडले की पुन्हा मागेन. माझा माझ्यावर भरवसा नाही, कापका. आणि तू देशील."

मी बुटांवरचा बर्फ झटकला.

"देशील ना?" तिनं विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नाही म्हणावं म्हणून ती थांबली होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी नाही म्हटलं असतं तर तिनं मला त्याच घरात ठेवून घेतलं असतं, शेवटपर्यंत.

"देईन," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग भिंतीला धरून उठली आणि आत गेली.